एका वर्षात दोन माणसं गेली... लक्ष्मीबाई टिळकांनी त्या दुःखाचं काय केलं?

जळगावहून भुसावळकडे रेल्वेने निघालात की वाटेत भादली नावाचं छोटंसं स्टेशन लागतं. गाडी बहुतेक वेळा थांबतही नाही. पण मराठी कवितेच्या इतिहासात हे स्टेशन कायमचं नोंदलं गेलंय.

५ मे १९१८ रोजी इथे रूळ ओलांडताना मालगाडीखाली सापडून एक तरुण गेला. वय अवघं २७. नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. आपण सगळे त्यांना बालकवी म्हणून ओळखतो.

या तरुणाला मुलासारखं वागवणारी एक बाई तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. या धक्क्यानंतर बरोबर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ ला, तिचा नवराही गेला.

ती बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' हे मराठीतलं गाजलेलं आत्मचरित्र लिहिणाऱ्या.

पुस्तक अनेकांना माहीत असतं. ते लिहिणाऱ्या बाईने आपल्या घरातल्या मरणाला तोंड कसं दिलं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. घरातलं मोठं माणूस गेल्यावर श्रद्धा खरंच आधार देते का, की त्या नुसत्या बोलायच्या गोष्टी, असा प्रश्न कधी पडला असेल, तर ही गोष्ट तुमच्यासाठी आहे.

सुरुवात जळगावपासून

१९०६ साली इंग्रज सरकारने खानदेश जिल्ह्याचे दोन भाग केले. पूर्व खानदेशचं मुख्य ठिकाण जळगाव झालं आणि पश्चिम खानदेशचं धुळे. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०७ मध्ये, जळगावात महाराष्ट्रातलं पहिलं कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर.

त्या संमेलनात सतरा वर्षांच्या एका पोराने कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. हा पोरगा धरणगावचा. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे बालपण खानदेशातल्या गावोगावी गेलेलं. याच संमेलनात डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हणून गौरवलं.

संमेलनाला आलेल्या मोठ्या कवींमध्ये एक नाव होतं रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून ते महाराष्ट्राला माहीत होते. पुढे बालकवी अहमदनगरला टिळकांच्या घरी राहायला आले आणि घरचेच होऊन गेले. ते हिंदू आणि टिळकांचं घर ख्रिस्ती, पण हा फरक त्या घरात कुणाच्या आड आला नाही. बालकवींनी धर्म बदलला नाही आणि घरातला त्यांचा जिव्हाळाही कमी झाला नाही.

पण हे घर असं सगळ्यांसाठी उघडं होण्याआधी त्या घरातल्या बाईला खूप काही सोसावं लागलं होतं. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

मीठसुद्धा धुणाऱ्या घरातली मुलगी

लक्ष्मीबाईंचं माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. घरचे मनू म्हणत. जन्म १८६८ सालचा, गाव नाशिकजवळचं जलालपूर.

१८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्या घटनेचा वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की ते सोवळ्याओवळ्याच्या टोकाला गेले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू घरात घेण्याआधी धुवायची, अगदी मीठसुद्धा! या सगळ्यात घरच्या बायकापोरांची जी फरफट झाली, ती लक्ष्मीबाईंनी पुढे हसत हसत लिहून ठेवली.

अकराव्या वर्षी मनूचं लग्न झालं. नवरा हुशार, कवी, पण कमालीचा लहरी. हातात पैसा टिकायचा नाही, एका जागी पाय ठरायचा नाही. न सांगता घरातून निघून जायचं आणि मग कधीतरी परत यायचं, असा कारभार. पण आपल्या बायकोला लिहायला-वाचायला त्यांनीच शिकवलं, हेही तितकंच खरं.

काही मुलं जन्मली आणि लहानपणीच गेली. १८९१ मध्ये झालेला देवदत्त मात्र जगला. त्या काळी घराघरात ही दुःखं होती आणि ती गिळून कामाला लागायची पद्धत होती. लक्ष्मीबाईंनीही तेच केलं.

पहिला वियोग झाला तो जिवंत माणसाचा

१८९३ साली टिळक रेल्वेने राजनांदगावला चालले होते. डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाने गप्पांच्या ओघात त्यांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचला. येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनात घर करून बसलं. दोन वर्षं विचार करून १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आज वाचताना हे सोपं वाटतं. पण त्या काळच्या चित्पावन ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता, याची कल्पना करा. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालणार नाही. त्याच्याबरोबर राहायचं तर जात गेली, माहेर गेलं, सासर गेलं. नाही राहायचं तर लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने दिवस काढायचे.

लक्ष्मीबाईंनी काही वर्षं तसे दिवस काढले. म्हणजे नवऱ्याचा वियोग काय असतो, हे त्यांना तो मरण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. आणि या वियोगाचं कारण होती तीच ख्रिस्ती श्रद्धा, जिने पुढे त्यांना आधार दिला.

श्रद्धा उसनी की स्वतःची?

पुढे त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या. आल्या म्हणजे लगेच ख्रिस्ती झाल्या, असं मुळीच नाही. सुरुवातीला त्यांनी आपलं सोवळं सांभाळलं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनीही त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही.

मग एक प्रश्न त्यांना आतून पोखरायला लागला. जात देवाने केली की माणसाने? विचार करता करता त्यांना वाटलं, ही माणसाचीच करणी. एकदा हे पटल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा नंतर झाला, १९०० साली, मुलाबरोबर.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ इथे आहे. 'स्मृतिचित्रे'च्या इंग्रजी अनुवादाचं नाव आहे 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे मी मागोमाग येते. नाव सुंदर आहे, पण ते पूर्ण खरं नाही. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या मागून गेल्या, पण प्रत्येक पाऊल स्वतः पडताळून टाकलं.

हे का महत्त्वाचं? कारण नवऱ्याच्या भरवशावर धरलेली श्रद्धा नवरा गेला की त्याच्याबरोबर जाते. लक्ष्मीबाईंची परीक्षा नेमकी इथेच होणार होती.

भादलीची बातमी

दरम्यान टिळकांचं नाव वाढत होतं. ते पाळक झाले. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन करू लागले. अभंग, भजन, कीर्तन या आपल्या मातीतल्या रूपांतून त्यांनी ख्रिस्ती भक्ती मांडली. त्यांची गीतं मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळींनाही ती नवीन नाहीत.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. येशूला गुरू मानणाऱ्या सर्वांसाठी, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्यांसाठीही, 'देवाचा दरबार' सुरू केला आणि साताऱ्याला बस्तान हलवलं. पन्नाशी उलटल्यावर, हातची नोकरी सोडून! घर चालवायचं लक्ष्मीबाईंनी.

आणि १९१८ च्या मे महिन्यात भादलीचा अपघात झाला.

तरुण माणूस गेल्याचं दुःख वेगळं असतं. त्यात अजून पुष्कळ आयुष्य बाकी होतं, ही टोचणी असते. वडीलधारं माणूस जातं तेव्हा वेगळंच होतं. लोक म्हणतात, वय झालं होतं, सुटले. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला त्या वाक्याने बरं वाटत नाही. चाळीस वर्षं ज्याच्याशी भांडलो, ज्याची वाट पाहिली, ज्याच्यासाठी जात सोडली, तो माणूस कुठल्याही वयात गेला तरी घर रिकामंच होतं.

९ मे १९१९

टिळक आजारी पडले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांना ठेवलं होतं. तिथेच ९ मे १९१९ ला ते गेले. वय ५७. आजच्या हिशोबाने हे काही म्हातारपण नव्हे, पण त्या काळी इतकं आयुष्य मिळणं हीसुद्धा मोठी गोष्ट मानली जायची.

ख्रिस्ती लोकांमध्ये दफनाची रीत. पण टिळकांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचं दहन झालं. आयुष्यभर ते ख्रिस्ताचे भक्त राहिले आणि या मातीचेही राहिले. शेवटच्या निरोपातसुद्धा त्यांनी दोन्ही सोडलं नाही.

लक्ष्मीबाई पन्नाशीच्या आसपास विधवा झाल्या. साठवलेला पैसा नाही. नवऱ्याची नोकरी दोन वर्षांपूर्वीच सुटलेली. 'देवाचा दरबार' ज्याच्यामुळे उभा होता तोच गेलेला.

मरणाबद्दल ख्रिस्ती श्रद्धा नेमकं काय म्हणते?

इथे जरा थांबून हे समजून घेऊ, कारण याबद्दल गैरसमज खूप आहेत.

पहिला गैरसमज, की श्रद्धा असेल तर रडायचं नसतं. योहानाच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायात लाजर नावाच्या मित्राच्या मरणाची गोष्ट आहे. येशू त्याला उठवणार असतो, तरी कबरीकडे जाताना तो रडतो. पुढे काय होणार हे माहीत असणाराही रडला, तर आपण रडण्यात कमीपणा कसला?

दुसरा गैरसमज, की सांत्वन म्हणजे विसरणं. थेस्सलनीका इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल त्यांना दुःख सोडून द्या असं सांगत नाही. आशा नसलेल्यांसारखं दुःख करू नका, एवढंच त्याचं म्हणणं. दुःख राहणारच, पण त्याच्या शेजारी आशाही बसवायची.

आणि ती आशा म्हणजे पुनरुत्थान. येशू मेलेल्यातून उठला, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवणारेही उठतील आणि भेट पुन्हा होईल, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. म्हणूनच मराठी ख्रिस्ती घरांत गेलेल्या माणसाबद्दल तो प्रभूमध्ये निद्रिस्त झाला असं म्हणतात. झोपलेला माणूस उठतो, हा अर्थ त्या शब्दातच आहे.

घरात कुणी गेलं की मंडळीतली माणसं जमतात, पाळक प्रार्थना करतात, गीतं म्हटली जातात. घरच्यांना काही बोलायचं सुचत नसतं, तेव्हा बाकीचे त्यांच्या वतीने गातात. एकटं रडू द्यायचं नाही, हा त्यामागचा साधा व्यवहार.

पण प्रार्थना संपते, माणसं आपापल्या घरी जातात आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ येतेच. तेव्हा काय करायचं? लक्ष्मीबाईंचं उत्तर इथून सुरू होतं.

नवऱ्याची अर्धी राहिलेली पोथी

रामाची कथा सांगणारं रामायण आहे, तसं ख्रिस्ताची कथा सांगणारं मराठी महाकाव्य असावं, असं टिळकांचं स्वप्न होतं. त्याचं नाव 'ख्रिस्तायन'. १९०९ मध्ये त्यांनी लिहायला घेतलं. पण हजार कामांत ते मागे पडत गेलं. टिळक गेले तेव्हा जेमतेम दहाएक अध्याय झाले होते.

ज्यांनी कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही, ज्यांना अक्षरओळखच नवऱ्याने करून दिली, त्या लक्ष्मीबाईंनी हे काम हातात घेतलं. आणि थोडंथोडकं नाही, साठाहून अधिक अध्याय लिहून काढले. म्हणजे आज जे 'ख्रिस्तायन' आहे, त्याचा फार मोठा भाग त्यांचा आहे.

आता विचार करा. येशूचं आयुष्य शेवटपर्यंत सांगायचं, तर वधस्तंभ, मरण आणि कबर टाळता येत नाही. पुनरुत्थानही त्यानंतरच येतं. टिळकांचे अध्याय सुरुवातीचे, त्यामुळे हा सगळा भाग पत्नीच्या वाट्याला आला. शुभवर्तमानांत रविवारी पहाटे कबरीकडे जातात त्या बायकाच. योहानाने तर कबरीबाहेर रडत उभी असलेली मग्दालिया मरिया दाखवली आहे. नवरा गमावलेल्या बाईने ही कथा पुढे लिहिणं, यासारखं दुसरं सांत्वन काय असणार? जी आशा त्यांना लोक तोंडाने सांगत होते, तिच्यातून त्यांना रोज एकेक ओळ करत जावं लागलं.

दुःख बाजूला ठेवून केलेलं हे काम नव्हतं. दुःखाला त्यांनी लिहायला बसवलं होतं.

आई, बाबांच्या आठवणी लिही

टिळकांनंतर लक्ष्मीबाई काही काळ मुंबईत राहिल्या, पुढे काही काळ कराचीत आणि शेवटी नाशकात. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायच्या विचारात होता. त्यासाठी आईने आपल्या आठवणी लिहाव्यात, असा त्याने आग्रह धरला.

झालं काय, की वडिलांच्या चरित्रासाठी गोळा केलेला कच्चा माल म्हणून सुरू झालेलं लिखाण हेच एक अजोड पुस्तक झालं. १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' चार भागांत बाहेर आलं.

गेलेल्या माणसाबद्दल आपण सहसा काय करतो? त्याला देव करून टाकतो. दोष झाकतो, फोटोला हार घालतो. लक्ष्मीबाईंनी असं काहीही केलं नाही. टिळकांचा रागीटपणा, त्यांचं घरातल्या वस्तू उचलून देणं, न सांगता गायब होणं, सगळं सगळं लिहिलं. आणि ते इतकं हसत लिहिलं की वाचणाऱ्याला हा माणूस जिवंत समोर दिसतो.

असं लिहायला धीर लागतो. पुन्हा भेट होणार असा भरवसा ज्याला असतो, त्याला गेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलायची गरज पडत नाही. लक्ष्मीबाईंच्या हसण्यामागे मला हा भरवसा दिसतो.

त्याच पुस्तकात बालकवीही आहेत. त्यांचं रुसणं, त्यांचा हट्ट, त्यांचं लहान मुलासारखं वागणं. भादलीच्या रुळांवर गेलेला खानदेशचा हा मुलगा लक्ष्मीबाईंच्या पानांत अजून घरभर फिरतोय.

आणि मग त्याही गेल्या

२४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिक इथे लक्ष्मीबाईंचं निधन झालं. वय ६७. 'स्मृतिचित्रे'चा चौथा भाग अपुरा राहिला होता.

आता दुःखाची पाळी होती चव्वेचाळीस वर्षांच्या देवदत्तची. म्हातारी आई गेली आणि तिच्या टेबलावर अर्धं राहिलेलं लिखाण. सतरा वर्षांपूर्वी आईसमोर वडिलांची अर्धी पोथी होती, अगदी तशीच गोष्ट.

देवदत्तनेही तेच केलं, जे आईला करताना त्याने पाहिलं होतं. आईचे कागद सांभाळले. चौथा भाग वाचकांपर्यंत पोचला. आईवडील दोघांच्या हातचं 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये छापून निघालं. पुढे 'स्मृतिचित्रे'ची टिपांसह आवृत्ती तयार करायचं काम देवदत्तचे पुत्र अशोक टिळक यांनी केलं. आजोबांनी सोडलेला धागा आजीने उचलला, आजीचा मुलाने आणि मुलाचा नातवाने.

तुमच्या-आमच्यासाठी यात काय आहे?

आजी-आजोबा, आई-वडील कधीतरी जाणार, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी ते जातात तेव्हा तयारी कुणाचीच नसते. जळगावच्या एखाद्या कॉलनीत असो की धुळ्याच्या जुन्या गल्लीत, रिकामी खाट आणि भिंतीला टेकवलेली काठी सगळीकडे सारखीच टोचते.

लक्ष्मीबाईंचं आयुष्य पाहिलं, की त्यांची श्रद्धा मरणाचं कोडं सोडवून देणारी नव्हती हे कळतं. बालकवी सत्ताविसाव्या वर्षी का गेले, याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. श्रद्धेने त्यांना रडायची मोकळीक दिली, पुन्हा भेटीची आशा दिली आणि मधल्या काळासाठी हातात काम दिलं.

तुम्ही ख्रिस्ती असाल तर यातली आशा तुमच्या ओळखीची असेल. नसाल, तरी तिसरी गोष्ट कुणालाही घेता येईल. गेलेल्या माणसाने काय अर्धं सोडलंय ते बघा. एखादी वही असेल, शेताचा बांध असेल, कुणाला दिलेला शब्द असेल, एखाद्या पोराच्या शिक्षणाची जबाबदारी असेल. ते उचला आणि पुढे न्या. ते करता करता तो माणूस रोज थोडा वेळ तुमच्या शेजारी येऊन बसेल.

पुढच्या वेळी भादलीवरून गाडी गेली, तर खिडकीतून बाहेर बघा. आणि घरी गेल्यावर 'स्मृतिचित्रे' उघडा. मरणाने भरलेल्या आयुष्याची ती गोष्ट आहे, पण वाचताना तुम्ही रडण्यापेक्षा जास्त वेळा हसाल.